"मॅडम, काउंट पुन्हा कमी आला"

पावसाळा संपत आला की हे वाक्य मला फोनवर हमखास ऐकायला मिळतं. काउंट म्हणजे प्लेटलेटचा, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींचा आकडा. कोणाचा नवरा डेंग्यूने ॲडमिट असतो, कोणाच्या गरोदर सुनेचा रिपोर्ट 1 लाख 10 हजार आलेला असतो, कोणाच्या वडिलांचं लिव्हरचं जुनं दुखणं असतं, आणि भीती मात्र सगळ्यांची एकच, की आकडा खाली गेला म्हणजे माणूस हातचा गेला. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, औषधं सांगत नाही. पण आकड्याच्या या भीतीवर मी बरीच वर्षं काम करतेय म्हणून ही एक केस सविस्तर लिहिते. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत.

स्वातीला मुलीच्या बालरोगतज्ज्ञांनीच माझ्याकडे पाठवलं होतं. मुलगी साडेसहा वर्षांची. ऑगस्टमध्ये साधा सर्दीताप झाला, दोन आठवड्यांनी पायांवर बारीक लाल ठिपके आले, नडगीवर काळंनिळं, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी केली तर प्लेटलेट 14,000. नॉर्मल असतात दीड लाख ते साडेचार लाख, त्यामुळे आईचं काय झालं असेल कल्पना करा. डॉक्टरांनी सगळं तपासून आयटीपी सांगितलं, म्हणजे तापानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच प्लेटलेट मारायला लागते. लहान मुलांमध्ये हे बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप बरं होतं. रक्तस्राव नव्हता म्हणून औषध न देता फक्त लक्ष ठेवायचं ठरलं, आणि नेमकं हेच स्वातीला सहन होईना. "काहीच करत नाहीत हो डॉक्टर!" हे तिचं माझ्याकडचं पहिलं वाक्य.

पहिल्या भेटीत ती मुलीलाही घेऊन आली होती. छोटी खुर्चीत पाय हलवत बसलेली आणि तिच्या दोन्ही नडग्यांवर निळ्या बॉलपेनने काढलेली गोल गोल वर्तुळं. मी विचारलं हे काय गं, तर छोटीच म्हणाली, "आई रात्री टॉर्च लावून काढते, सकाळी नवीन ठिपका आला का ते कळतं." स्वाती मान खाली घालून बसली. तिच्या पिशवीत एक वही होती, तारीख, लॅबचं नाव, काउंट. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा तपासणी सांगितली होती आणि ही तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये एक दिवसाआड मुलीचं रक्त तपासून घेत होती. शाळा बंद, जिना बंद, सकाळी सासूबाईंच्या हातचा पपईच्या पानांचा रस, त्यावरून रोज रडारड.

पुढच्या भेटीत वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 24,000 चे 21,000 झाले होते आणि त्या दिवशी स्वाती जेवली नव्हती. तीन हजारांचा फरक तर लॅब बदलली, रक्त घ्यायला त्रास झाला तरी पडू शकतो हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतंच, मी तेच पुन्हा नाही सांगितलं. मी विचारलं, "त्या दिवशी छोटी काय करत होती?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आठवत नाही मॅडम. गणपतीतला दिवस होता... मला आकडाच आठवतो फक्त." आणि मग जी रडली, ते आधीच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करणारी आहे, माझा विश्वास आहे की माणसाला प्रसंग जितका छळतो त्यापेक्षा त्याबद्दलचा त्याचा हट्ट जास्त छळतो. म्हणून मी तिला एकच वाक्य पूर्ण करायला दिलं, काउंट आता... ती पटकन म्हणाली, "वाढलाच पाहिजे!" म्हटलं, आता यातला फक्त 'च' काढून म्हणा. तीनदा अडखळली. मग हळूच म्हणाली, "वाढायला पाहिजे. नाही वाढला लगेच तर... थांबावं लागेल." खांदे खाली आले तिचे, मला समोर दिसलं. इतक्या वर्षांच्या कामात माझी खात्री झालीय की मराठी माणसाचं निम्मं टेन्शन या एका 'च' मध्ये भरलेलं असतं, आणि तो सापडला त्या दिवशी मला मनापासून समाधान वाटलं.

दुसरं काम वहीचं. मी वही बंद नाही करायला लावली, काउंटच्या शेजारी एक रकाना वाढवला, आज छोटीने काय केलं. महिनाभराने पाहिलं तर 19,000 च्या दिवशी दोन मोदक खाऊन आजीशी भांडलेली आणि 46,000 च्या दिवशी सर्दीने मलूल. आकडा आणि मूल वेगवेगळं बोलतायत हे स्वातीला स्वतःच्या अक्षरात दिसलं, माझ्या सांगण्याने ते झालं नसतं.

आता जे मी सगळ्यांनाच सांगते ते. काउंट कमी का आला हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. 20,000 आयटीपीमधले वेगळे, तिथे शरीर नवीन, ताज्या प्लेटलेट भराभर बनवत असतं आणि त्या कामाला चांगल्या असतात. 20,000 बोन मॅरोच, म्हणजे हाडांमधला रक्त बनवणारा मगजच बंद पडल्यामुळे आले असतील तर ते जास्त गंभीर. लिव्हर बिघडून पोटातली प्लीहा (स्प्लीन) वाढली की प्लेटलेट तिथे अडकतात. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत थोडा काउंट उतरणं बऱ्याचदा निरुपद्रवी असतं पण बीपी वाढलेलं असेल तर अजिबात नाही. काही औषधांनी उतरतो, बी12 कमी असेल तरी उतरतो. माझ्याकडे एक गृहस्थ तीन आठवडे झोप उडालेल्या अवस्थेत आले होते, शेवटी निघालं काय तर टेस्ट ट्यूबमधल्या केमिकलने प्लेटलेटचे गठ्ठे होत होते आणि मशीन ते मोजतच नव्हतं, वेगळ्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं तर सगळं नॉर्मल! म्हणून काहीच त्रास नसताना अचानक कमी आकडा आला तर स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली बघून खात्री करा असं डॉक्टरांना जरूर म्हणा.

डेंग्यूत तर लोक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रात्री धावतात. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूर आणि मलेशियातला अभ्यास आला, काउंट 20,000 किंवा खाली पण रक्तस्राव नाही अशा मोठ्या माणसांना नुसत्या खबरदारीसाठी प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास जास्त झाला. डेंग्यूत खरं लक्ष ताप उतरल्यानंतरच्या एकदोन दिवसांकडे हवं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, गुंगी, यातलं काही दिसलं तर काउंट 80,000 असला तरी दवाखान्यात जायचं. आणि मनाने ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घ्यायची नाही.

स्वातीच्या फ्रीजवर आम्ही असाच कागद लावला, तिच्या डॉक्टरांना दाखवून. डोक्याला मार, खूप डोकं दुखणं, दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, तोंडात रक्ताचे फोड, लघवीत रक्त, काळी शी, असं झालं तर तडक हॉस्पिटल. बाकी दिवशी शाळा, मारामारीचे आणि पडापडीचे खेळ सोडून सगळं. कागदाखाली छोटीने पेन्सिलीने लिहिलं, टॉर्च बंद.

डिसेंबरात स्वातीचा फोन आला. काउंट 52,000, अजून नॉर्मल नाही. तपासणी महिन्यातून एकदा. गॅदरिंगच्या कोळी डान्ससाठी टोपली कुठे मिळेल हे विचारायला तिने फोन केला होता.