‘डाऊन आहे म्हणून’ हे शब्द केसपेपरवर नकोत

प्रिय डॉक्टर,

डाऊन सिंड्रोमच्या मुलांची ओपीडी आता तुझ्याकडे येते आहे, म्हणून हे पत्र. वजन वाढत नाही, डाऊन आहे म्हणून. चार-चार दिवस शी होत नाही, डाऊन आहे म्हणून. हाक मारली तरी बघत नाही, डाऊन आहे म्हणून. हे कारण आपलं डोकं फार पटकन पुरवतं आणि तिथेच तपासणी थांबते. वजनामागे हृदयातलं छिद्र असू शकतं, बद्धकोष्ठामागे थायरॉइड किंवा हिर्शस्प्रुंग (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसणं), न बघण्यामागे कानात साचलेलं पाणी. या सगळ्यांवर उपाय आहेत, ते मुलाला मिळालेच पाहिजेत.

हृदयाबद्दल जरा सविस्तर लिहितो. जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. छातीला स्टेथोस्कोप लावलास, मर्मर (रक्तप्रवाहाचा जादा आवाज) नाही, तरी पहिल्या महिन्यात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालीच पाहिजे. नवजात बाळाच्या फुप्फुसांतला दाब चढलेला असतो. हृदयाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा, मग छिद्र कितीही मोठं असो, रक्त त्यातून जोरात जात नाही आणि आवाजही होत नाही. पुढे दाब उतरला की बाळ दूध पिताना घामाघूम होतं, दोन घोट घेऊन थांबतं, धापा टाकतं. ते बाळ निदान लक्षात तरी येतं. खरा धोका ज्याचा दाब उतरतच नाही त्या बाळाचा. ते छान दिसतं, आई म्हणते, ‘आता बरं आहे’, आणि आत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होत असतात. एव्ही कॅनॉलचं (हृदयाच्या मधोमध असलेल्या मोठ्या छिद्राचं) ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात व्हायला हवं. वर्ष-दीड वर्षानंतर आलेल्या मुलाला कधीकधी सर्जन हातच लावू शकत नाहीत. ‘वजन वाढू दे, मग बघू’ असं सांगून ही वेळ घालवू नकोस. सर्जनकडे आधी पाठव, वजनाचं ते ठरवतील.

पहिल्या तीन दिवसांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघ. ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रक्तपेशी, दिसल्या तर त्या बहुतेकदा आपोआप जातात, पण त्या मुलावर पहिली चार वर्षं नजर ठेवावी लागते, कारण पुढे ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) शक्यता राहते. कॅरिओटाइपचं (गुणसूत्रांच्या तपासणीचं) रक्त हेपरिनच्या हिरव्या बुचाच्या नळीत घे. जांभळ्या बुचाच्या नळीत गेलं तर पेशी नीट वाढत नाहीत, बाळाला पुन्हा टोचावं लागतं. अहवालात ट्रान्सलोकेशन (एक गुणसूत्र दुसऱ्याला जोडलेलं) निघालं तर आईवडिलांचीही तपासणी कर, पुढच्या बाळाचा सल्ला त्यावरच अवलंबून असतो.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, जन्माला, ६ महिन्यांनी, १ वर्षाने आणि मग दरवर्षी. औषध सुरू केलंस तर गोळी कशी द्यायची ते आईसमोर करून दाखव: चमच्यात चुरायची, थोड्या पाण्यात कालवून लगेच पाजायची. अख्ख्या बाटलीत घातली आणि बाळाने अर्धं दूध टाकलं, तर डोसही अर्धाच गेला. लोह आणि कॅल्शियम यांपासून चार तासांचं अंतर ठेवायला सांग. लोहाची आठवण निघाली म्हणून सांगतो, या मुलांच्या लाल पेशी मुळातच मोठ्या असतात. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) नॉर्मल दिसला तरी लोहाची कमतरता असू शकते, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघ.

कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे कान बघायच्या दुर्बिणीचं सगळ्यात लहान टोक (स्पेक्युलम) वापर. जन्मानंतर बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का याची तपासणी) आणि पुढे दर सहा महिन्यांनी श्रवण तपासणी. ‘हट्टी आहे, ऐकत नाही’ ही तक्रार आली की आधी कानच तपासायचा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत बेरा आणि श्रवणयंत्र दोन्हींची सोय आहे. डोळे सहा महिन्यांच्या आत. घोरणं असो वा नसो, चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी.

या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, पण त्यासाठी सरसकट एक्स-रे काढत बसू नकोस. चाल बदलली का, मान दुखते का, सुटलेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालं का, हे प्रत्येक भेटीत विचार. भूल देणार असतील तर ‘मान मागे ताणू नये’ हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिही.

तुझ्याकडे येणारी आई विरारहून किंवा कर्जतहून, बाळ कडेवर घेऊन लोकलने आलेली असते. रक्त सोमवारी, इको गुरुवारी, कान पुढच्या महिन्यात असं केलंस तर तिसरी खेप होणारच नाही, आणि दोष आपण तिलाच देऊ. आदल्या आठवड्यात फोन करून सगळं एका दिवसात बांध. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र निघालं की निरामय या सरकारी आरोग्यविम्याचा अर्ज भरायला सांग. वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते.

फाइलच्या पहिल्या पानावर तारखांचा तक्ता कर: काय झालं, पुढचं कधी. पावसाळ्यात ती फाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांग, आणि तक्त्याचा एक फोटो आईच्या मोबाइलमध्ये स्वतः काढून दे.