पोरगी होस्टेलात एकटी पडलीय, परत बोलावून घेऊ काय?

दिवाळी झाली की हा प्रश्न घेऊन जर्मनीत शिकणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडं समुपदेशनाला यायला लागतात. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. महिन्याभरात नवलाई ओसरते, दिवस आखूड होतात, डिसेंबरात तर चार-साडेचारलाच अंधारून येतं. मग फोनवर रडणं सुरू होतं आणि इकडं आईची झोप उडते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एक बाई अशाच आल्या. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी जर्मनीत मास्टर्स करतेय, विद्यार्थी निवासात राहते. मजल्यावर सगळ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर. "मॅडम, खोलीच्या बाहेरच पडंना झालीय. मॅगीवर जगतीय. परत बोलावून घेऊ काय?" वडिलांना हे पटत नव्हतं. "माझे आजोबा बोर्डिंगात राहून शिकले. हिलाच काय धाड भरलीय?"

बोर्डिंगचं कौतुक कोल्हापूरकराला असायचंच. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, म्हणून कितीतरी घरं शिकली. पण तिथली पोरं बहुतेक एकाच मुलखातली, एका भाषेची. हिच्या मजल्यावर सीरिया, चीन, ब्राझील आणि जर्मनी. वडिलांना मी स्पष्टच सांगितलं की आजोबांशी तिची बरोबरी करू नका.

मुलीशी ऑनलाइन बोलले. जेवणाचं विचारल्यावर म्हणाली, "तीन वाजता करून घेते. तेव्हा किचनमध्ये कुणी नसतं." पहिल्याच आठवड्यात फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला होता. दोघंजण धावत आले, खिडकी उघडली, आपसात जर्मनमध्ये काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी तिला शेगडीवर चिठ्ठी दिसली: झाकण ठेवा, खिडकी उघडा. ती आपल्यासाठीच आहे असं तिनं मनाशी धरलं आणि तेव्हापासून ताट घेऊन खोलीत.

आपल्याकडं शेजारीण "हाईस काय गं घरात?" म्हणत सरळ आत येते. तिथं बंद दाराचा मान राखतात आणि सांगायचं ते लिहून लावतात. रात्री दहानंतर शांतता, कचरा कुठल्या डब्यात, साफसफाईची पाळी कुणाची, सगळं कागदावर. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र राहायची तर ते लागतंच. पण घाबरलेल्या मनाला प्रत्येक कागद आपल्यावरची तक्रार वाटतो.

तिला मी मैत्री करायला सांगितलंच नाही. ते ओझं होतं. एवढंच सांगितलं की सहा वाजता, सगळे असतात तेव्हा, तिथं बसून कांदा चीर. बोलली नाहीस तरी चालेल. आणि त्या चिठ्ठीचं एकदा कुणाला तरी विचार.

इथं खरी अडचण निघाली ती घरातच. आई झाकपाक करून रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल करायची. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागं, म्हणजे तिथं बरोबर सहा. मजला जेवायला जमायच्या वेळी ही खोलीत आईशी बोलत बसलेली, रोज! कॉल सकाळी साडेअकराला करायचा ठरला. तिथं तेव्हा सात वाजतात. बाईंना ते जड गेलं.

चिठ्ठी आधीच्या सत्रापासूनची निघाली. अलार्म बहुतेकांनी वाजवलेला. पुढं मजल्यावरच्या साबण-तेल-मिठाच्या वर्गणीचा हिशेब कुणी नीट ठेवेना, तो तिनं घेतला. दुकानदाराची लेक ती. आता पैसे द्यायला लोक तिचं दार वाजवतात. जिवलग मैत्रीण अजून नाही, रविवारी दुकानं बंद असली की अजून कंटाळते. पण तिन्हीसांजेला किचनमध्ये असते, आणि मला ते पुरेसं वाटतं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. झोप, जेवण, लेक्चर्स दोन आठवडे विस्कटलेली असतील तर तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेकडं, म्हणजे श्टुडिरेंडनवेर्ककडं, मानसिक समुपदेशन मिळतं, बहुतेक ठिकाणी मोफत. जगण्यात अर्थ नाही असं मूल एकदा जरी बोललं तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी तिथल्या माणसांची मदत मिळवा. इथं पालकांना स्वतःसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

परत बोलवायचं का, ते सत्राच्या परीक्षा झाल्यावर मुलगीच ठरवेल, असं घरात ठरलंय. बाई मात्र माझ्याकडं येतात अजून, आता स्वतःसाठी. लेक गेल्यापासून रात्रीचा तो साडेदहाचा कॉल हाच त्यांचा दिवस होता.