पहिल्यांदाच पोंच्की (सारण भरलेले, तळलेले पोलिश डोनट) करणार आहेस? मग हे वाच

अगं, त्या गुरुवारी सकाळी मैदा मळायला घेऊ नकोस. पोलंडमधला ‘त्वुस्ती च्फार्तेक’, म्हणजे स्निग्ध गुरुवार, ईस्टरच्या ५२ दिवस आधी येतो. पुढच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ. म्हणून घरातलं लोणी, अंडी, चरबी संपवायची ही रीत. तू त्या गुरुवारच्या आदल्या रात्रीच एकदा चाचणीचा घाणा काढ.

अर्धा किलो मैद्याला पाच-सहा पिवळे बलक घाल, आणि एक चमचा व्होडका विसरू नकोस. नशेसाठी नाही गं! तळताना तिची वाफ होते आणि पोंचेक (एक पोंच्की) तेल कमी पितो. सारण पारंपरिक हवं तर गुलाबपाकळ्यांचा मुरांबा. आपला गुलकंद चालतो, पण तो सैल असेल तर कढईत फुटून तेल उडवतो. माझ्या हातावर अजून डाग आहे. तेव्हापासून मी तळून झाल्यावर पिचकारीनेच भरते.

खरी मेख तापमानात. १७५ अंशांच्या आसपास ठेव, थर्मामीटर घेच. अंदाजाने तळलेले वरून करपतात, आत कणीक कच्ची. गोळा नीट फुगला असेल तर तो तेलावर तरंगतो आणि कमरेला फिकट पट्टा उमटतो. पट्टा नाही दिसला, तर पुढचे गोळे अजून अर्धा तास झाकून ठेव.

वरून साखरेचा पाक, संत्र्याची पाकवलेली साल. कॅलरी? त्या दिवशी तिथे कोणी मोजत नाही.