घिसाल्लोची पहिली चढण

इटलीतल्या कोमो सरोवरावर पहिल्यांदाच सायकल नेताय, तर सुरुवात काठावरच्या लेक्को शहरातून करा. तिथून बेलाज्यो गावाकडे जाताना पाणी कायम उजव्या हाताला राहतं. इटलीत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तुमच्या आणि सरोवराच्या मध्ये दुसरी लेन येत नाही. वीसेक किलोमीटर पाय छान मोकळे होतात. मधे बोगदे आहेत, मागचा लाल दिवा आधीच चालू ठेवा.

बेलाज्योनंतर खरी परीक्षा. मॅडोना देल घिसाल्लोचा घाट साडेआठ किलोमीटरच्या आसपास आहे, पण सरासरी चढावर भुलू नका. सुरुवातीचा टप्पा फार तीव्र, मधे चिवेन्ना गावापाशी रस्ता सपाट होतो आणि शेवटी पुन्हा उभा चढ. नवखे लोक पहिल्याच वळणांवर दम घालवतात. तिथे बसूनच, सर्वांत हलक्या गिअरवर चढा, शेजारून कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. मागे ३२ दातांचं चक्र असेल तर गुडघे दुवा देतील.

माथ्यावर, ७५४ मीटरवर, छोटंसं चॅपेल आहे. पोप पायस बारावे यांनी १९४९ मध्ये इथल्या मॅडोनाला, म्हणजे येशूची आई मेरीला, सायकलपटूंची संरक्षक म्हणून मान्यता दिली. आत जरूर जा. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये उतारावर पडून मृत्यू पावलेला इटालियन सायकलपटू फाबियो कासार्तेल्ली याची सायकल तिथे आहे, अपघातात वेडीवाकडी झालेली. तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहा.

निघताना जॅकेट घाला, घामेजल्या अंगाने उतरू नका.