अमेरिकेत आंतरवंशीय जोडप्याचं लग्न लावायला सरकारी अधिकारी नकार देऊ शकतो का?

नाही. १९६७ मध्येच 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. तरी २००९ मध्ये लुइझियानात कीथ बार्डवेल या 'जस्टिस ऑफ द पीस'ने (म्हणजे लग्न लावण्याचा अधिकार असलेल्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याने) एका गोऱ्या मुलीचं कृष्णवर्णीय मुलाशी लग्न लावायला नकार दिलाच. मुलीने चौकशीसाठी फोन केला, तर बार्डवेलच्या बायकोने फोनवरच सांगून टाकलं, की ते अशी लग्नं लावत नाहीत. कारण काय, तर पुढे मुलांचे हाल होतात! (वर 'मी वंशवादी नाही' हे बार्डवेलचं पालुपद होतंच.) जोडप्याने सरळ दुसऱ्या अधिकाऱ्याकडून लग्न लावून घेतलं. गव्हर्नर बॉबी जिंदल यांनीही कारवाईची मागणी केली. शेवटी नोव्हेंबरात बार्डवेलने राजीनामा दिला.