सांडवा आधी, साठा मग
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळची पत्रे नाशिक जिल्ह्याच्या वेगवेगळ्या भागांतली आहेत. घाटमाथ्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि पूर्वेला जेमतेम पाचशे-सहाशे, ही इथली जुनीच तऱ्हा. २०२३ मध्ये सिन्नर, येवला आणि मालेगाव हे तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. कोरड्या वर्षी तहान आणि ओल्या वर्षी पूर, असा दुहेरी मार बसलेल्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या रानात ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे आहे, त्यात ओहोळाचे पाणी घेतो. दोन वर्षे ते भरलेच नाही. मग सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसाने बांध फुटला आणि खालची कांद्याची रोपे गेली. जादा पाण्यासाठी सहा इंची पाइप होता. नव्या बांधात काय बदलावे? कागद (प्लॅस्टिकचे अस्तर) टाकावा का? (सिन्नर तालुका)

उत्तर : पाइपाचा हिशेब आधी करू. ज्याचे पाणी तळ्यात उतरते ते रान १० एकर धरा. तासाला ६० मिलिमीटर वेगाने पाऊस आला आणि त्यातला ४० टक्के वाहून आला, तर तळ्यात सेकंदाला सुमारे २६५ लिटर पाणी घुसते. सहा इंची पाइपाच्या तोंडावर फूटभर पाणी चढले तरी तो सेकंदाला २०-२५ लिटरच बाहेर टाकतो. तोंडात पालापाचोळा बसला की तेही नाही. उरलेले पाणी बांधाच्या सर्वांत दबलेल्या जागेवरून उलटते आणि तिथून बांध कापत जाते.

पाइप काढून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची रुंद वाट, करा. तो भरावावर कधीही नको. तळ्याच्या बाजूला, मूळ न उकरलेल्या जमिनीत खोदलेला हवा. वरच्या हिशेबाला तीन मीटर रुंदी पुरते. तेवढ्या रुंदीत १५ सेंटिमीटर खोलीने पाणी निघून जाते. सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापासून अर्धा मीटर खाली ठेवा, तळाला दगडाचे पिचिंग (घट्ट बसवलेला थर) करा आणि पाणी पडते तिथे मोठे दगड टाका, नाहीतर खालून घळ पडत ती मागे तळ्यापर्यंत येते. रान १० एकरांहून मोठे असेल तर रुंदी त्याच प्रमाणात वाढवा.

पण बांध फुटण्याचे अर्धे कारण त्या दोन कोरड्या वर्षांत असावे. काळ्या मातीचा भराव तळे रिकामे राहिले की तडकतो. भेगा हातभर आत जातात आणि अचानक तळे भरले की पाणी त्या भेगांतूनच वाट काढते. म्हणून काळी माती मधल्या गाभ्यात घाला, दोन्ही बाजूंना मुरूम चढवा. भराव २०-२५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून दाबत न्या. जेसीबीने एकदम ढीग लावला की वर्षभरात तो खचतो आणि नेमका सांडव्यापेक्षा खाली जातो. बांधावर बाभूळ वाढू देऊ नका. खेकड्या-उंदरांची बिळे मे महिन्यातच बुजवा. ओहोळाचे पाणी तळ्यात शिरण्याआधी २ × २ × १ मीटरचा गाळखड्डा घ्या आणि तो दर मोठ्या पावसानंतर उपसा.

कागदाबद्दल : ओहोळाच्या तळ्यात कागद टाकू नये. गाळ साचतो, काटेकुटे टोचतात, शिवाय तळे रिकामे असताना भोवतालच्या जमिनीतले पाणी वर आले की कागद खालून फुगतो आणि जोडात उसवतो. ५०० मायक्रॉनचा कागद असलेल्या तळ्यात म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडी दीड फूट पाणी राखून ठेवावे.

आता थोडे कडू. विहीर-बोअरचे पाणी उपसून कागदी तळे भरण्याची पद्धत द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात रुळली आहे. तुमच्या मापाच्या तळ्याला १:१ चा उतार असेल तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. फेब्रुवारी ते मे दिवसाला सहा-आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर काठोकाठ भरलेल्या तळ्यातून सहा-सात लाख लिटर हवेत जातात. जमिनीखालचे पाणी शिवाराचे असते. ते वर आणून उन्हात ठेवल्याने वाढत नाही, शेजाऱ्याची विहीर मात्र महिनाभर आधी आटते. फळबाग जगवण्याला आमची हरकत नाही, पण तळे किती आणि भरायचे कधी, हे ग्रामसभेत ठरलेले बरे.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणीकपात करतात आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून हजारो क्युसेक सोडून देतात. हे पाणी साठवता येत नाही का? पुराचा अंदाज कशावरून घ्यावा? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : गंगापूरची साठवण सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. १० हजार क्युसेकने (सेकंदाला १० हजार घनफूट) २४ तास पाणी सोडले तर ८६४ दशलक्ष घनफूट जाते, म्हणजे धरणाचा साधारण १५ टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये धरण मुद्दाम काही रिकामे ठेवतात. भरलेल्या धरणावर मोठा पाऊस आला तर येईल तेवढे सगळे एकदम खाली सोडावे लागेल आणि गोदाकाठी आवरासावर करायला वेळही उरणार नाही.

अंदाज घेताना धरणाच्या विसर्गाबरोबर होळकर पुलाखालचा आकडाही पाहा. शहरातल्या नाल्यांचे पाणी वाटेत मिसळत असल्याने गोदावरी नुसत्या शहरातल्या पावसानेही चढते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेवरून, छातीवरून पाणी मोजण्याची नाशिककरांची रीत चांगलीच, पण पाणी तिथे दिसेपर्यंत काठच्या दुकानदाराने माल हलवलेला असला पाहिजे.

प्रश्न : पुराचे पाणी विहिरीत शिरले. विहीर २० फूट व्यासाची. वापरण्याआधी काय करावे? (निफाड तालुका, गोदाकाठ)

उत्तर : घाईने उपसू नका. बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली असते. आतले पाणी एकदम काढले तर बाहेरचा दाब कड्यांवर येतो आणि बांधकाम ढासळते. नदी पात्रात परतल्यावर, दिवसाला तीन-चार फूट या बेताने उपसा करा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुराने आतली माणसे मरतात. मोटारीच्या पेटीला वायरमनने तपासल्याशिवाय हात लावू नये.

गाळ काढून तळाशी मीटरभर पाणी राहिले की ते सुमारे २९ हजार लिटर होते. त्याला दर हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ किलो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) लागते. पावडर थेट टाकू नका. बादलीत पाण्यात कालवा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा आणि भिंतींवरही मारा. १२ तासांनी ते पाणी पडीक रानात काढून टाका, ओढ्यात नको, मासे मरतील. मग विहीर भरू द्या. १५ फूट पाणी झाले की ते सुमारे एक लाख ३० हजार लिटर. त्याला हजार लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे सव्वातीनशे ग्रॅम टीसीएल पुरते. तासाभराने ओटी चाचणीत (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या) पिवळा रंग यायला हवा. आला नाही तर मात्रा वाढवा, आणि पावडर किती जुनी आहे तेही बघा. उघड्या पोत्यातली टीसीएल महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते आणि गावोगावी नेमके तेच पोते वापरात असते.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस धो धो, तरी एप्रिलमध्ये टँकर. बोअर घ्यावी का? (त्र्यंबकेश्वर तालुका, पाडा)

उत्तर : झऱ्याजवळ तर नकोच. तुमच्याकडे मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. पाणी मुरमातून उतरते, पाषाणावर अडते आणि झऱ्यातून बाहेर पडते. त्याच मुरमाला बोअर लागली तर झरा आधी आटतो.

झऱ्याचे तोंड सुरुंगाने मोठे करू नका. वर बंदिस्त कुंड करून, पाइपाने खाली झाकलेल्या टाकीत पाणी घ्या. मिनिटाला दोन लिटरची धार रात्रीच्या दहा तासांत १,२०० लिटर देते. ते सध्या ओढ्यात जाते आणि सकाळी बाया हंडे घेऊन रांगेत असतात. धार दर महिन्याला बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. मार्चचा आकडा डिसेंबरातच ओळखता येऊ लागतो.

घरटी पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरले तर पाच माणसांना १२० दिवस ६,००० लिटर पुरतात. ३०० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पावसाचे सव्वादोन हजार लिटर हाती लागतात. टाकी ऑगस्टअखेरीपासूनच्या पावसाने भरा. तोवर छप्पर धुऊन निघालेले असते आणि पाणी कमी दिवस साठवावे लागते. तोंडाला जाळी हवीच.

डोंगरावर सलग समतल चर (एकाच उंचीच्या रेषेवरचे लांब चर) खणण्याची योजना आली तर उतार पाहून हो म्हणा. खूप पावसाच्या, जाड मातीच्या तीव्र उतारावर तुंबलेले पाणी मातीच सैल करते. तिथे चर तुटक, आखूड घ्या आणि प्रत्येकाला पाण्याची वाट ठेवा. वस्तीच्या डोक्यावरच्या उताराला चर नकोत.