‘ताई, दप्तराच्या ओझ्यानेच झालं ना हे?’

खुर्चीत टेकता टेकताच आईने हे विचारलं. शेजारी तेरा वर्षांची लेक, मान खाली घालून. ड्रेसचं माप घेताना टेलरच्या लक्षात आलं होतं : एक खांदा उतरलाय, घेर सारखा पडत नाही. एक्स-रेमध्ये कण्याला 27 अंशांचा बाक निघाला. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं. तेव्हापासून घरात दिवसभर एकच : “सरळ बस!”

डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. पण ‘माझंच दुर्लक्ष झालं’ हे मनात घट्ट बसलं की दुसरं काही आत शिरत नाही. म्हणून मी पुन्हा सांगितलं. दप्तराने नाही, पोक काढून बसल्यानेही नाही. या वयातल्या बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळला जातो. म्हणून ओणवं झालं की एका बाजूच्या बरगड्या वर येतात. हा पीळ दटावून सुटणारा नाही.

“मग व्यायामाने सरळ होईल?” इथे मी खोटा धीर देत नाही. उंची वाढायची थांबेपर्यंत बाक वाढू न देणं, हे उपचारांचं मुख्य काम. 25 ते 40 अंशांच्या दरम्यान आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचं ताठ कवच, लागतो. अमेरिका-कॅनडातल्या 2013च्या अभ्यासात ब्रेस लावलेल्या 72 टक्के मुलांचा बाक 50 अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. खास व्यायाम ब्रेसच्या जोडीला. मालिश करून कणा सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे कृपा करून जाऊ नका.

मग मी लेकीशी एकटीशी बोलले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई येता-जाता पाठीत बोट टोचते. व्यायाम म्हणजे शिक्षाच वाटते.”

तिला मी कातरिना श्रोथची गोष्ट सांगितली. जर्मनीतली ही बाई, तिचा स्वतःचाच कणा वाकडा. सोळाव्या वर्षी पोलादी ब्रेस घातलेला. फुगा पाहून तिला सुचलं, आपल्या पाठीत जिथे खळगा आहे तिथे श्वास भरून पाहावा. आरशासमोर ती हेच करत राहिली आणि 1921मध्ये माइसेनला तिने इतरांना शिकवायला सुरुवात केली. लेकीने पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे तिलाही होतं?”

फिजिओथेरपिस्ट लेकीकडून हेच करून घेत होत्या. पाठीच्या उजव्या बाजूखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवून उताणं झोपायचं आणि डावीकडच्या बसक्या बरगड्यांत श्वास ओढायचा. आता ती मला दाखवू लागली : “इथे हात ठेवा ना, ताई. फुगतंय का?” अगदी थोडं, पण फुगत होतं.

आईशी करार झाला. ब्रेसचे पट्टे मागून आवळून द्यायचे, एवढंच तिचं काम. बोट टोचणं बंद, ‘सरळ बस’ बंद. आईला ते फार जड गेलं. आठवड्याने फोनवर त्या रडल्या, “मी काहीच करत नाहीये असं वाटतं हो.”

सहा महिन्यांनी एक्स-रेत 29 अंश आले. आई पांढरीफटक. पण मोजणीतच पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. डॉक्टर समाधानी होते. लेकीने आता व्यायामाची वेळ स्वतःच ठरवली आहे, संध्याकाळी सात. त्या वेळी आईला खोलीत यायची परवानगी आहे. बोलायची नाही.